नमुना आणि नंबर: जुन्या गाडीचे पार्ट दुकानातून की पार्सलने?

जुन्या गाडीचे पार्ट कुठून आणता, असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, कुठला पार्ट? समोरच्याला खरं तर एक नाव हवं असतं. एखादं दुकान, एखादी वेबसाइट, जिथे गेलं की सगळं मिळेल. तसं ठिकाण मला अजून सापडलेलं नाही. माझ्या मॉरिस मायनरसाठी, म्हणजे एका जुन्या छोट्या ब्रिटिश गाडीसाठी, काही वस्तू मी डोळे मिटून जवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून घेते. काही वस्तू मात्र दुकानात समोर ठेवलेल्या दिसल्या तरी घेत नाही, पार्सलनेच मागवते. पार्ट कशावरून ओळखायचा, यावर ही वाटणी ठरते.

काउंटरवर गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, नमुना आणलाय का?" पार्सलने पाठवणाऱ्याला नमुना दिसत नाही, तो नंबर विचारतो. ज्या पार्टची ओळख मापात आहे तो नमुन्यावर मिळतो आणि ज्याची ओळख गाडीच्या मॉडेलमध्ये आहे तो नंबरावर. एवढं डोक्यात पक्कं असलं की निम्मी धावपळ वाचते.

आधी दुकानाची बाजू, कारण हल्ली तिला फार कमी लेखलं जातं. "जुन्या गाडीचं इथे काही मिळत नाही" हे दुकानदार स्वतःच सांगतो, कारण आपण त्याला गाडीचं नाव सांगतो. 1959 ची मायनर म्हटल्यावर तो हात जोडणारच. त्याच माणसाला बेअरिंगचा नंबर सांगा, तो मागे वळून खोकं काढून देतो. बेअरिंगचे नंबर जगभर सारखेच. 6204 म्हणजे आतलं भोक 20 मिलिमीटर, बाहेरचा व्यास 47, जाडी 14. शेवटचे दोन आकडे 04 किंवा त्याहून मोठे असले की त्यांना पाचाने गुणायचं, भोकाचं माप मिळतं. 00 ते 03 हे अपवाद पाठ करायचे: 10, 12, 15 आणि 17. नंबराच्या पुढे 2आरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील, झेडझेड असेल तर पत्र्याच्या ढाली, सी3 असेल तर आत नेहमीपेक्षा थोडी जास्त मोकळीक. शेवटच्या अक्षरांकडे दुकानात बऱ्याचदा काणाडोळा होतो, पण गरम होणाऱ्या जागी सी3 च्या ऐवजी साधं बेअरिंग बसवलं तर ते आवळून बसू शकतं. तेव्हा नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचा.

ऑइल सीलचंही, म्हणजे शाफ्टभोवती ऑइल अडवणाऱ्या कड्याचंही, तसंच. आतलं माप, बाहेरचं माप, जाडी. ब्रिटिश गाड्यांत ही मापं इंचात येतात, आणि इथे नमुन्यापेक्षा व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) जास्त उपयोगी. जुना सील शाफ्टवर झिजून सैल झालेला असतो, त्यावरून नवा घेतला तर नवाही सैलच मिळेल. मी शाफ्ट मोजते, सील बसतो ते भोक मोजते आणि दोन्ही आकडे कागदावर लिहून नेते. फॅनबेल्ट, होज, क्लिप, तांब्याचे वॉशर, ग्रीस निपल, बल्ब, वायर, फ्यूज, ब्रेक ऑइल या सगळ्यासाठी कुरिअरची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. ब्रेक ऑइल तर लहान सीलबंद डब्यातच घ्यावं. ग्लायकॉलचं ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे अर्धा वापरून ठेवलेला मोठा डबा पुढच्या वेळी कामाचा राहत नाही.

पेट्रोलच्या पाइपबद्दल मी थोडी जास्त हट्टी आहे. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुन्या प्रकारचं रबर त्याने मऊ पडतं, आतून सुटतं, त्याचे काळे कण थेट कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये जाऊन बसतात. पाइपवर एसएई जे30 आर9 असं छापलेलं असेल तर तो इथेनॉल सोसतो. दुकानात मीटरवर कापून मिळतो, आणि कापायच्या आधी तो हातात घेऊन छापील अक्षरं वाचता येतात. पार्सलमध्ये नुसता अर्धा मीटर तुकडा आला आणि त्या तुकड्यावर नेमकी अक्षरं आलीच नाहीत, तर कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा? गरम मॅनिफोल्डच्या बाजूने पेट्रोल जातं, तिथे माझा विश्वास छापील अक्षरांवर.

नट-बोल्टसाठीही मी दुकानातच जाते, पण आटे ओळखल्याशिवाय जात नाही. जुन्या गाड्यांच्या जगात हा सगळ्यात निसरडा भाग. व्हिटवर्थ या इंग्लिश इंजिनिअरने आपले आटे 1841 मध्ये सुचवले, त्यांचा कोन 55 अंश. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने 1948 मध्ये एकत्र येऊन युनिफाइड आटे मान्य केले, त्यांचा कोन 60 अंश. म्हणजे युद्धानंतरच्या दशकातली ब्रिटिश गाडी नेमकी या बदलाच्या मधोमध सापडते. पाव इंची बीएसएफ (व्हिटवर्थ पद्धतीचे बारीक आटे) बोल्टला इंचाला 26 आटे, पाव इंची यूएनएफला (युनिफाइडचे बारीक आटे) 28. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर एक-दोन फेरे चढतो, आणि मग हाताला वाटतं, गंज असेल, जोर लावू. एमजी टीसी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीची गोष्ट तर याहून अवघड. तिचं इंजिन मॉरिसच्या इंजिन कारखान्यातलं, तिथली यंत्रं मुळात हॉचकिस या फ्रेंच कंपनीची, म्हणून त्या इंजिनाच्या बोल्टचे आटे मेट्रिक आणि डोकी मात्र व्हिटवर्थच्या पान्याची! पान्यावरून आटे ओळखायला गेलेला माणूस तिथे हमखास फसतो.

एक जागा अशी आहे की ती मी नेहमी भिंगाखाली बघते: ब्रेक पाइपचा नट. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत बहुतेक ठिकाणी 3/8 इंची यूएनएफ, इंचाला 24 आटे. आज दुकानात सहज मिळणारा नट एम10, म्हणजे 10 मिलिमीटरचा मेट्रिक, एक मिलिमीटर पिचचा (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर). दोन्ही हातात घेतले तर जुळे भाऊ वाटतात. 3/8 इंच म्हणजे 9.525 मिलिमीटर, त्यामुळे यूएनएफचा नट एम10 च्या भोकात किंचित सैल पण अगदी सुरळीत जातो, शेवटी आवळल्यासारखाही वाटतो. धरून काहीच ठेवत नाही. उलट एम10 चा नट यूएनएफच्या भोकात घातला तर एक-दोन फेऱ्यांनी अडतो, आणि जोर लावला की ब्रेक सिलिंडरचे आटे कापतो. 11 चा पानाही बऱ्याचदा दोन्हींना बसतो, म्हणजे पान्यावरूनही कळायची सोय नाही.

ओळखायची माझी पद्धत साधी आहे. जुना आणि नवा नट आट्यांना आटे लावून आडवे धरायचे आणि मागून उजेड घ्यायचा. यूएनएफची पिच 1.058 मिलिमीटर, एम10 ची 1. पहिले तीन-चार आटे एकमेकांत अगदी चपखल बसलेले दिसतात. पुढे फट दिसायला लागते, आणि दहा मिलिमीटरवर एकाचा कंगोरा दुसऱ्याच्या कंगोऱ्यावर चढलेला असतो. साधारण अर्ध्या आट्याचा फरक. एकाच जातीचे असतील तर टोकापर्यंत उजेडाची रेघसुद्धा मधून येत नाही. ही तपासणी काउंटरवर उभ्या उभ्या होते, फोटोवरून होत नाही. म्हणून ब्रेकचे नट नमुना घेऊन दुकानात, आणि जुळले नाहीत तर रिकाम्या हाताने परत. "चालेल, लावून बघा" हे वाक्य ब्रेकच्या बाबतीत मी ऐकून घेत नाही.

आता पार्सल. माझ्या गाडीचं इंजिन 948 सीसीचं, ए-सिरीज. ही सिरीज 1951 मध्ये ऑस्टिन ए30 बरोबर आली आणि थेट 2000 मध्ये जुनी मिनी बंद होईपर्यंत बनत राहिली. मायनर, ए35, ए40, स्प्राइट, मिनी, सगळ्यांत हेच घराणं. म्हणून इंजिनाचे पार्ट आजही बनतात आणि एकाच मॉडेलचे पार्ट विकणाऱ्या लोकांकडे ते शेल्फवर असतात. असे पार्सलवाले लोक गाडीइतकेच जुने. मॉस मोटर्सची सुरुवात 1948 मध्ये लॉस एंजेलिसला झाली, तीही एमजी टीसीच्या भोवती. असा माणूस एकच पार्ट वर्षानुवर्षं पाठवतो, त्याच्याकडे तक्रारी परत येतात, कुठली बॅच खराब निघाली हे त्याला कळतं. दुकानदार कितीही अनुभवी असला तरी त्याच्याकडे मायनर वर्षाकाठी एखादीच येणार. पार्सलने मागवताना आपण पैसे पार्टचे देतो तसे या माहितीचेही देतो, आणि ती वसूल करायची म्हणजे प्रश्न विचारायचे. रबर कुठल्या प्रकारचं? ब्रेकचं लायनिंग, म्हणजे घासणारा थर, कुठल्या मटेरियलचं? हा पार्ट परत आल्याची उदाहरणं आहेत का? चांगला विक्रेता सविस्तर उत्तर देतो. उत्तरात नुसतं "ओरिजिनल क्वालिटी" आलं तर मी मागवत नाही.

पण नंबर देताना गाडी नीट ओळखलेली हवी. "मॉरिस मायनरचे पुढचे ब्रेक शू" हे अर्धवट वाक्य झालं. 948 सीसीच्या गाडीला पुढचे ड्रम 7 इंची. 1962 च्या शेवटी 1098 सीसीचं इंजिन आलं तेव्हा पुढचे ड्रम 8 इंची झाले, क्लच सव्वासहा इंचांवरून सव्वासात इंचांचा झाला आणि डिफरन्शियलचा रेशो 4.55 वरून 4.22 वर आला. बॉडीच्या पाटीवर एमए2एस3 असेल तर 948, एमए2एस5 असेल तर 1098. इंजिन नंबर 9एमने सुरू झाला की 948, 10एमएने सुरू झाला की 1098. काचेचंही तेच. 1956 मध्ये मायनर 1000 आली तेव्हा मधल्या पट्टीची दोन तुकड्यांची पुढची काच जाऊन एकसंध वळणदार काच आली, त्यामुळे काचेभोवतीचं रबर दोन गाड्यांचं दोन प्रकारचं.

तरीही पाटीवर सगळं सोडून देता येत नाही. साठ-पासष्ट वर्षांत गाडीने किती हात बघितलेले असतात! कुणीतरी मोठं इंजिन घातलेलं असतं, त्याबरोबर मोठे ब्रेकही आणलेले असतात किंवा आणलेले नसतात. म्हणून ऑर्डर करायच्या आधी मी चाक काढते, ड्रम उतरवते आणि मोजते. माझ्या वहीत प्रत्येक पार्टच्या नावापुढे दोन रकाने आहेत. एकात फॅक्टरीने काय बसवलं होतं ते, दुसऱ्यात आज गाडीवर काय आहे ते. ऑर्डर दुसऱ्या रकान्यावरून जाते. पहिला रकाना भरायला पार्ट कॅटलॉग लागतो. ब्रिटिश गाडी असेल तर इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून तिथल्या नोंदींवर आधारलेलं हेरिटेज सर्टिफिकेटही मिळतं. चासिस नंबरावरून गाडी कधी बनली, कुठल्या रंगात बाहेर पडली, कुठे पाठवली गेली हे त्यातून कळतं.

नंबर किती महत्त्वाचा असतो याचं मला माहीत असलेलं सगळ्यात मोठं उदाहरण सिट्रोएन डीएसचं आहे. त्या गाडीचं सस्पेन्शन, ब्रेक, स्टिअरिंग सगळं एकाच हायड्रॉलिक दाबावर चालतं. आधीच्या गाड्यांत लाल सिंथेटिक ऑइल. 1966 पासून कंपनीने हिरवं एलएचएम नावाचं खनिज ऑइल आणलं. लालवाल्या गाडीचे रबरी सील हिरव्या ऑइलमध्ये फुगून निकामी होतात आणि हिरव्याचे लालमध्ये टिकत नाहीत. बाहेरून पार्ट तंतोतंत सारखे दिसू शकतात. तिथे नमुना जुळला म्हणून सील घेणं म्हणजे सगळी गाडी पणाला लावणं आहे. फोक्सवॅगन बीटलवाल्यांचं दुखणं वेगळं. तो कारखाना ऑगस्टमध्ये मॉडेल वर्ष बदलायचा, त्यामुळे 1966 च्या शेवटी बनलेली गाडी पार्टच्या दृष्टीने 1967 ची. अशा ठिकाणी कागदावरचं वर्ष सांगून उपयोग नाही, चासिस नंबरच द्यायचा.

जुन्या कॅटलॉगमधला नंबर आज चालेलच असंही नाही. पार्ट बदलला की नवा नंबर येतो आणि जुन्याच्या जागी तो वापरा, अशी नोंद होते. ही साखळी कधी दोन-तीन पायऱ्यांची असते. चांगला विक्रेता जुना नंबर टाकला तरी नवा दाखवतो. मी मात्र शेवटच्या नंबरासोबत तो कुठल्या सालापासून लागू आहे हेही बघते, कारण बदललेला पार्ट काही वेळा शेजारचा पार्टही बदलायला लावतो.

रबर हा माझा सगळ्यात कडक विषय आहे, आणि इथे दुकान की पार्सल यापेक्षा माल किती जुना आहे हे मोठं. रबर खोक्यात पडूनही म्हातारं होतं. "जुना, न वापरलेला, कंपनीच्या खोक्यातला" हे शब्द वाचून माझंही मन पाघळतं, ते छापील खोकं, ते जुनं अक्षर बघून. पण व्हील सिलिंडरचं (चाकातला ब्रेक दाबणारा सिलिंडर) किट, पेट्रोल पंपाचा डायफ्राम, होज या वस्तू मी जुन्या साठ्यातल्या घेत नाही. हातात आल्यावर सिलिंडरच्या तोंडावरचा रबरी बूट दोन बोटांत दुमडायचा आणि घडीवर नखाने दाबायचं. ताजं रबर घडी सुटताच परत येतं, खूण राहत नाही. म्हाताऱ्या रबराच्या घडीवर आधी पांढुरकी रेघ येते, मग तीत केसाएवढ्या भेगा उघडताना दिसतात. अशा भेगेतून ड्रममधली धूळ आणि ओल आत जाते, सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर गंज धरतो, आणि एक दिवस पेडल जमिनीला लागतं. दुकानात खप असेल तर दुकानातला माल ताजा, पार्सलवाल्याकडे खप जास्त असेल तर त्याचा. मायनरच्या बाबतीत पार्सलवाल्याचा जास्त असतो. टायरला तर तारीख छापलेलीच असते: चार आकडे, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन सालाचे. 2319 म्हणजे 2019 मधला तेविसावा आठवडा. तीनच आकडे दिसले तर तो टायर 2000 च्या आधीचा, कितीही नवा दिसो, त्याला हात लावायचा नाही. पार्सलने टायर मागवताना हा आकडा मी आधी लेखी मागून घेते.

जुन्या साठ्यात मी आनंदाने काय घेते? धातूचं जवळजवळ सगळं. गिअर, शाफ्ट, पितळी बुश, काटे, लिव्हर, क्रोमच्या पट्ट्या. त्या काळच्या गिअरला आजच्या नकलेपेक्षा घडण चांगली, हे माझं ठाम मत आहे. जुनी बेअरिंगही घेते, फक्त आतलं वाळलेलं ग्रीस धुऊन नवं भरते. जुन्या साठ्यातले ब्रेक शू आणि क्लच प्लेट मात्र नाहीत. त्या काळच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, जुन्या हेड गॅस्केटमध्येही तांब्याच्या पत्र्यांमध्ये तेच. ते घासायचं नाही, हवा मारून उडवायचं तर मुळीच नाही. जुन्या शूचं लोखंड चांगलं असेल तर लायनिंग लावणाऱ्याकडे देऊन नव्या मटेरियलचं करून घेणं हा मला सगळ्यात समाधानाचा मार्ग वाटतो. शूचा मूळ आकार टिकतो आणि ड्रमला घासून बसवून मिळतो.

इग्निशनबद्दल, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या भागांबद्दल, थोडं. आज मिळणाऱ्या पॉइंट, कंडेन्सर आणि रोटरमध्ये बराच माल हलका आहे, आणि तो दुकानातही आहे, पार्सलमध्येही. रोटरवरची पितळी पट्टी रिव्हेटने बसवलेली असते. रिव्हेट खोलवर गेलेला असेल तर ठिणगी पट्टीतून पुढे जायच्या ऐवजी खाली शाफ्टला उतरते, आणि गाडी थंड असताना चालते, गरम झाली की बंद पडते. यावर उपाय म्हणून काही जाणकारांनी रिव्हेट नसलेला लाल रोटर बनवला. तो मी पार्सलनेच मागवते, कारण सामान्य दुकानात दिसत नाही. कंडेन्सर आला की मीटरवर मोजते. 0.18 ते 0.24 मायक्रोफॅरडच्या आत असायला हवा. माप बरोबर आलं म्हणजे तो गरम झाल्यावरही टिकेल असं नाही, पण चुकीचा असेल तर दारातच कळतं. एकदा चांगला मिळाला की त्याच बॅचचे आणखी घेऊन ठेवते. पॉइंटची फट 0.35 ते 0.40 मिलिमीटर. नवीन पॉइंटच्या दोन्ही टिकल्या समोरासमोर नीट येतात का, हे लावायच्या आधी उजेडात बघायचं. अर्धी टिकली बाहेर राहिली असेल तर तो सेट परत पाठवायचा. लावल्यावर बहुतेक विक्रेते विजेची वस्तू परत घेत नाहीत, म्हणून तपासणी लावायच्या आधी.

पार्सल उघडताना माझा नियम आहे, आतली पिशवी फोडायची नाही. पारदर्शक पिशवीतून जेवढं मोजता येतं तेवढं मोजायचं, जुन्या पार्टच्या शेजारी ठेवायचं, मगच फोडायची. लांब पातळ गॅस्केट दुमडून आली असेल तर घडीच्या जागी ती गळणार, सरळ करून फायदा नाही. पत्र्याच्या वस्तूंचं सांगायचं तर मडगार्ड किंवा सिल पॅनेल शक्य तेव्हा समोर बघूनच घ्यावं. एक तर वाटेत कडा वाकतात, आणि दुसरं म्हणजे मूळ डायवर काढलेलं आणि अंदाजाने ठोकलेलं पॅनेल फोटोत सारखंच दिसतं. ब्रिटिश मोटर हेरिटेजने 1988 मध्ये एमजीबी या स्पोर्ट्स गाडीची अख्खी बॉडी पुन्हा बनवायला घेतली ती मूळ साधनांवर. असं ज्या गाडीच्या नशिबी आहे तिच्या मालकाने पॅनेल खुशाल पार्सलने मागवावं. बाकीच्यांनी कडेच्या वळणाला जुन्याचा पुठ्ठ्याचा साचा लावून बघावा.

वेळेचा हिशोबही धरायला हवा. गाडी जॅकवर आहे आणि एका सीलसाठी काम थांबलंय, अशा वेळी माणूस मिळेल ते लावतो. म्हणून ब्रेकचं काम काढायच्या आधी मी संपूर्ण सामान घरात आणून ठेवते: सगळे व्हील सिलिंडर, पुढच्या प्रत्येक चाकाला दोन हे लक्षात ठेवून, तिन्ही होज, मास्टर सिलिंडरचं किट. मायनरचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली चासिसच्या पोकळीत बसतो. तिथे पोचायला इतकं उचकटावं लागतं की अर्धवट किट घेऊन तिकडे जायचंच नाही. सस्पेन्शनच्या ट्रनियनचंही, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या आट्यांच्या जोडाचंही, असंच. खालच्या ट्रनियनचे आटे झिजून सुटले तर चालत्या गाडीचं चाक आत दुमडतं. तो पार्ट नंबर देऊन, जाणत्या माणसाकडूनच मागवायचा. त्यात नियमाने भरायचं ग्रीस मात्र कोपऱ्यावरच्या दुकानातलं उत्तम.

राहिली अदलाबदल. जुनं द्या, दुरुस्त केलेलं घ्या, अशी सोय डायनॅमो, स्टार्टर, डँपर (हादरे शोषणारा भाग) यांना पार्सलवाले देतात. जुनं परत येईपर्यंत ते जादा रक्कम अडकवून ठेवतात, आणि परत पाठवायला मुदत असते. जड लोखंड पाठवण्याचा खर्च आपला, हे आधी विचारून घ्यावं. आलेलं युनिट लावून, गाडी चालवून बघेपर्यंत मी आपलं जुनं हातातून सोडत नाही. कधी कधी आपलंच जुनं जास्त चांगलं निघतं. मायनरचे पुढचे डँपर लिव्हरचे, आर्मस्ट्राँगचे, आणि त्यांचा लिव्हर हाच सस्पेन्शनचा वरचा आर्म असतो. म्हणजे त्याचा शाफ्ट खेळू लागला की नुसते हादरे वाढत नाहीत, चाकाचा कोनही बदलतो. माझे दोन्ही सध्या उतरवून बाकावर ठेवलेत. बॉडीवरचा फॅक्टरीचा शिक्का अजून स्वच्छ वाचता येतो आणि आतल्या पिस्टनला ओरखडा नाही, त्यामुळे बदलीत द्यायचे नाहीत असं ठरवलंय. शाफ्टचे बुश लेथवर करून घेणार आहे, ऑइल दुकानातून येईल, आणि सीलची ऑर्डर बॉडीवरचा नंबर देऊन कालच गेली.